कूलरचं पाणी आणि कळलावी

चंद्रपुरात मे महिन्यात फुलझाड जगवायचं तर हट्टच लागतो. पारा ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी या शहराच्या नावावर आहेत, आणि शेजारचं ब्रह्मपुरी या शर्यतीत दरवर्षी मान वर काढून उभंच असतं. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. अंगणात हिरवी जाळी बांधली तरी जास्वंदीच्या कळ्या देठातच वाळतात आणि हौसेनं आणलेल्या गुलाबाची पानं कडेनं करपत आत येतात. मग संध्याकाळी घरातलं कुणीतरी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बादलीत काढतं आणि पाण्याची नासाडी नको म्हणून एकेका कुंडीला तांब्या-तांब्या घालत जातं. विदर्भातली ही जुनी, शहाणी काटकसर आहे. पण या भागातलं सर्वांत देखणं रानफूल परसात मरतं ते बहुतेक वेळा याच तांब्यानं.

हे फूल कळलावीचं. कुणी खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा, जुने वैद्य लांगली म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. या नावात कौतुकाचे शब्द दोन-दोन आले आहेत आणि ते वाया गेलेले नाहीत.

आधी इथल्या दुष्काळाबद्दल. मराठवाड्यातल्या वाचकाला वाटेल, चंद्रपूर-गडचिरोलीला कसला आलाय दुष्काळ? चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून जास्त. म्हणूनच इथे धान पिकतो, बोड्या आणि माजी मालगुजारी (मामा) तलाव भरतात, साग आणि बांबू माजतो. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो. ऑक्टोबरनंतर आभाळ कोरडं. फाल्गुनात ताडोब्याचं रान झडून करडं होतं, चैत्र-वैशाखात पालापाचोळ्याला वणवे लागतात. म्हणजे इथल्या झाडाला एकाच वर्षात दोन परीक्षा द्याव्या लागतात: श्रावणात मुळांशी पाणी साचतं आणि वैशाखात जमीन भाजते. कमी पाण्यात तग धरणारं म्हणून नर्सरीवाला जे निवडुंग किंवा शोभेचं झाड गळ्यात मारतो, ते उन्हाळा काढतंही. पण श्रावणातल्या झडीत मुळातून कुजतं. रानातल्या फुलांनी मात्र या दोन्ही परीक्षांचं उत्तर फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. त्यातलं कळलावीचं उत्तर सर्वांत सरळ आहे. पावसात जगायचं आणि उन्हाळ्यात जमिनीवर दिसायचंच नाही.

मृगाच्या सरी पडल्या की बांबूच्या बेटात, धुऱ्यावरच्या झुडपांत, रस्त्याकडेच्या काटेरी कुंपणात एक कोवळा हिरवा दांडा वर येतो. सुरुवातीला तो बांबूच्या कोंबासारखाच वाटतो, लक्षही जात नाही. पंधरा-वीस दिवसांत तो कमरेएवढा होतो आणि मग आधार शोधू लागतो. या वेलीला वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच निमुळतं होत जातं, दोऱ्याइतकं बारीक होतं आणि ज्याला लागेल त्याला वेढा घालतं. हे जवळून पाहण्यासारखं असतं. सकाळी सरळ असलेलं टोक एखाद्या काडीला टेकलं की थोड्या काळात त्या काडीभोवती घट्ट वळसा घेऊन बसलेलं दिसतं. अशी पानापानानं पकड घेत वेल माणसाच्या उंचीच्या वर जाते.

फूल श्रावण-भाद्रपदात. कळी हिरवी, खाली मान घातलेली. उमलताना सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या होतात, त्यांच्या कडा लाटांसारख्या मुरडलेल्या असतात आणि पुंकेसर सहा दिशांना आडवे पसरतात. पहिल्या दिवशी फूल पिवळसर हिरवं असतं. मग टोकाकडून केशरी चढतो, शेवटी सगळं फूल लालभडक होतं. आठवडाभर टिकणाऱ्या एकाच फुलाचे हे रंग, त्यामुळे एका वेलीवर एकाच वेळी पिवळं, केशरी, लाल असं सगळं दिसतं. आणखी एक गोष्ट बारकाईनं पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. स्त्रीकेसराची दांडी बुडातूनच जवळजवळ काटकोनात वळून फुलाच्या बाहेर एका बाजूला आलेली असते. मधासाठी आलेल्या फुलपाखराचे पंख किंवा शिंजिराचं अंग त्या टोकाला घासून जावं, यासाठी ही सोय.

चंद्रपूर-मूल रस्त्यानं चिचपल्लीकडे जाताना, मोहर्लीकडे वळताना, गडचिरोलीहून आलापल्लीच्या वाटेवर पावसाळ्यात ही वेल कडेच्या झुडपांत पेटलेली दिसते. व्याघ्रदर्शनाला निघालेल्या गाड्या तिच्याजवळून सुसाट जातात. ताडोबा १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथे माणसं वाघ मोजायला येतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पण पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असताना या जंगलाच्या कडेकडेनं जे फुलतं ते पाहायला कुणाला सवड नसते, हेही खरं.

आता जमिनीखालचं. कळलावीचा कंद बोटाएवढा जाड, तपकिरी सालीचा आणि दोन फाट्यांचा असतो. नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. या दोन फाट्यांच्या टोकाला एकेकच डोळा असतो. बटाट्याला सगळीकडून डोळे फुटतात, तसं इथे नाही. ते टोक मोडलं तर तो फाटा कितीही गुबगुबीत असला तरी निकामी. दरवर्षी पावसात हा जुना कंद स्वतःला खर्चून वेल वाढवतो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी संपून जातो. त्याच्या जागी पानांनी कमावलेल्या अन्नावर नवा जोडकंद तयार झालेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात वेल पिवळी पडते, वाळते, मोडून पडते. मग सहा महिने जमिनीवर काहीच नाही. खाली तो कंद कोरड्या मातीत निवांत असतो. त्या काळात त्याला मुळं नसतात, त्यामुळे पाणी ओढायला त्याच्याकडे साधनच नसतं. दिलेलं पाणी फक्त त्याच्या अंगाभोवती साचतं, मे महिन्याच्या उकाड्यात बुरशी धरते आणि कंद आतून पाणचट होऊन सडतो. कूलरच्या तांब्याचा गुन्हा तो हाच.

चंद्रपुरात ज्यांच्या परसात ही वेल वर्षानुवर्षं टिकली आहे, अशांपैकी एक निवृत्त वनरक्षक आहेत. त्यांच्या वाडीत मार्चमध्ये गेलं तर कळलावीच्या जागी फक्त चार विटांचं चौकोनी कुंपण दिसतं, आत उघडी माती. झाड कुठे, असं विचारलं की ते म्हणतात, ‘‘मेलं नाही जी, झोपलं आहे. उठवाचं नाही.’’ विटा यासाठी की घरातल्या कुणी चुकून तिथे कुदळ घालू नये किंवा पाइप सोडू नये. बागकामाच्या पुस्तकांतली पानंच्या पानं एकीकडे आणि या चार विटा एकीकडे.

लावायची कशी, तेही त्यांच्यासारख्यांकडूनच शिकावं. पहिली गोष्ट माती. या दोन जिल्ह्यांत जुनी माणसं जमीन कन्हार, मोरांड, खरडी, बरड अशा नावांनी ओळखतात. वरोरा-भद्रावतीकडची काळी कन्हार कापसाला उत्तम, पण कळलावीला वाईट. श्रावणात ती पाणी धरून ठेवते. खरडी किंवा मुरमाड बरड, जिथे शेतकरी नाक मुरडतो, तिथे ही वेल खुश असते. काळ्या मातीतच घर असेल तर वीतभर उंच वरंबा करून त्यात मुरूम, रेती आणि कुजलेला पाला घालावा. कुंडीत लावायची तर कुंडी खोल हवी, कारण नवे कंद दरवर्षी थोडे खोल उतरतात, आणि तळाचं भोक मोकळं हवं.

कंद रोहिणीत, म्हणजे मे संपता संपता, किंवा मृगाच्या पहिल्या पावसावर लावावा. दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवून. डोळा नेमका कुठे आहे हे नीट दिसलं नाही तरी आडव्या कंदाचा कोंब आपली वाट काढतो. उभा खुपसला तर टोक मोडण्याची भीती. लावल्यावर पाणी पावसावरच सोडावं. पावसानं फारच ओढ दिली आणि कोंब वर आलेला असेल तरच पाणी द्यावं.

दुसरी गोष्ट आधाराची. हौशी लोक जाडजूड लोखंडी पाइप किंवा बांबू रोवतात आणि वेल चढत नाही म्हणून तक्रार करतात. पानाचं टोक ते केवढंसं, त्याचा वेढा पेन्सिलीएवढ्या काडीभोवतीच बसतो. पूर्व विदर्भात धानाच्या धुऱ्यावर तूर लावतात. तुरी काढल्यावर उरलेल्या तुऱ्हाट्या या कामाला अगदी नेमक्या. फांद्या-उपफांद्यांसकट एक तुऱ्हाटी कंदाशेजारी रोवली की झालं. वरोऱ्याकडे पऱ्हाटी चालेल. शहरात काहीच मिळालं नाही तर कामट्यांची ताटी, किंवा मेंदीच्या कुंपणाच्या बुडाशीच कंद लावून टाकावा. रानातही ती दुसऱ्याच्याच अंगावर वाढते.

जुलै-ऑगस्टमध्ये एका पाहुण्याची तयारी ठेवावी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि केशरी-लाल डाग असलेली एक ठसठशीत अळी कळलावीवर येते. तिच्या पतंगाचं शास्त्रीय नावच पॉलिटेला ग्लोरिओसी. पाच-सहा अळ्या एका रात्रीत कोवळ्या शेंड्याचा फडशा पाडतात. कीटकनाशकाची बाटली काढायची गरज नाही. अळ्या काडीनं ढकलून साबणाच्या पाण्यात टाकल्या तरी पुरे. कंदात बळ असेल तर वेल पुन्हा फुटते. काही जण त्या ठेवतातही, कारण पतंग फार सुंदर असतो. ज्याची त्याची मर्जी.

आता विषाचं. ते बाजूला ठेवून या फुलाबद्दल लिहिणं हा अप्रामाणिकपणा होईल.

नागभीडकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं की आजी, दारात ही वेल का नाही लावत? त्या म्हणाल्या, ‘‘घरात कशाला लावता जी? भांडणं लागतात.’’ ही समजूत महाराष्ट्रभर आहे. कळलावी घरात आणली की कळ लागते. एखाद्याचं घर फोडायचं असेल तर त्याच्या छपरावर तिचा तुकडा फेकतात म्हणे. सुशिक्षित माणसं यावर हसतात. माझ्या मते या समजुतीनं कित्येक पोरांचे जीव वाचवले असतील, कारण या वेलीच्या प्रत्येक भागात कोल्चिसीन नावाचं जहाल विष असतं. सर्वांत जास्त कंदात आणि बियांत. शिजवून, उकळून ते जात नाही. पोटात गेलं की काही तास काहीच कळत नाही. मग घसा जळतो, उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंड, यकृत, रक्त अशी एकेक यंत्रणा बंद पडत जाते. वाचलेल्या माणसाचे केस पुढच्या दोनेक आठवड्यांत झडून जातात, इतकं ते पेशींच्या वाढीवर घाव घालतं. श्रीलंकेत आणि आपल्याकडेही खाण्याचा रानकंद समजून कळलावी खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. गडचिरोलीत पावसाळ्यात जंगलातले कंद खणून खाणारी कुटुंबं आजही आहेत. ती ओळखून खणतात. शहरातून रानभाज्यांच्या हौसेनं निघालेल्यांनी मात्र हा खेळ करू नये. अडलेल्या बाळंतिणीच्या पोटावर किंवा तळपायाला हा कंद चोळायची जुनी रीत होती, ती आता कुणी चालवत असेल तर थांबवावी. आयुर्वेदही लांगलीला उपविषांतच मोजतो.

म्हणून घरात रांगतं मूल असेल, मोकळी सोडलेली शेळी किंवा कुत्रा असेल, तर कळलावी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लावली तर शेंगा पिकण्याआधी तोडाव्यात. पिकलेली शेंग फुटली की आत लालचुटूक बिया रांगेनं बसलेल्या दिसतात, आणि लहान मुलाला त्या खाऊच वाटणार. कंद हाताळताना हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. आणि कुणी काही खाल्लंच, तर लक्षणांची वाट न पाहता, वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावं.

याच विषानं जगात मोठी कामंही केली आहेत. गाउटच्या, म्हणजे सांध्यात युरिक आम्ल साचून होणाऱ्या दुखण्यावर, कोल्चिसीन हे जुनं आणि आजही वापरातलं औषध आहे. त्याची मात्रा मोजण्यातच सगळा जीव असतो, त्यामुळे ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. १९३७ साली अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेक्सली यांनी दाखवलं की या द्रव्यानं वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात. त्यानंतर पीक सुधारणेचं एक दारच उघडलं. वैनगंगेच्या रेतीत पिकणारं कलिंगड आपण बिया थुंकत खातो. बिनबियांचं कलिंगड तयार करणाऱ्यांना आधी कोल्चिसीन लावूनच त्याची एक पालकजात बनवावी लागली. तमिळनाडूत मुलनूर, धारापुरम, ओट्टनछत्रम आणि वेदारण्यमच्या भागात शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात, सकाळी ब्रशनं फुलाफुलाला परागकण लावतात आणि बी औषध कंपन्यांना विकतात. त्या राज्यानं हिला राज्यपुष्पच केलं आहे. झिम्बाब्वेचं तर हे राष्ट्रीय फूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ यांच्या एकविसाव्या वाढदिवसाला तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला. आमच्याकडे ते धुऱ्यावर उगवतं म्हणून त्याला किंमत नाही, एवढंच.

किंमत नाही असं म्हणताना थोडं जपून म्हणायला हवं. जडीबुटीच्या व्यापाऱ्यांनी कंदांना किंमत लावली आहे आणि त्यापायी देशाच्या अनेक भागांत ही वेल रानातून खणून खणून विरळ झाली. म्हणून हा लेख वाचून कुणी कुदळ घेऊन जंगलाकडे निघणार असेल तर त्यानं थांबावं. ताडोबा असो, चपराळा असो की भामरागड, अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. राखीव जंगलाला १९२७चा वन कायदा लागतो. आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं २००९ साली हा हक्क मिळवून देशाला वाट दाखवली, तेव्हा तिथलं काही घ्यायचं तर ग्रामसभेला विचारावं लागेल. कायदा बाजूला ठेवला तरी खणण्यात शहाणपण नाही. फुललेली वेल खणली तर जुना कंद संपत आलेला असतो आणि नवा अर्धवट, त्यामुळे दोन्ही मरतात. बी घ्यावं, किंवा ज्याच्या परसात ती वाढून दाट झाली आहे त्याच्याकडून कंद मागावा. कंद दरवर्षी एकाचे दोन होत असल्यामुळे टिकलेल्या वेलीच्या मालकाकडे चार-पाच वर्षांत वाटण्याइतके असतातच.

बागेतून जंगलात आणि जंगलातून बागेत होणारी ये-जा इथे नवी नाही. घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, ती अमेरिका खंडातली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या बागेत आणली. आज ती मध्य भारतातल्या जंगलांच्या तळाशी गर्दी करून बसली आहे आणि वनविभागाला ती उपटायला मजूर लावावे लागतात. बोगनवेल आणि देवचाफा हेही तिकडचेच, त्यांनी मात्र काही बिघडवलं नाही. तेव्हा परकं सगळं वाईट असा माझा सूर नाही. पण शहरातल्या शंभर अंगणांत तीच ती बोगनवेल आणि त्याच त्या लॉनची पाण्यासाठीची आरडाओरड पाहिली की वाटतं, शेजारच्या रानातलं एखादं तरी झाड ओळखीचं असावं.

ज्यांना विषाची जोखीम नको त्यांच्यासाठी काटेकोरांटी आहे. बरड माळावर, किल्ल्याच्या पडक्या भिंतीशी, कुठेही ती येते. पावसाळ्यात हातभर फांदी तोडून जमिनीत खोचली की मूळ धरते. दसरा-दिवाळीपासून पिवळी-केशरी फुलं सुरू होतात ती हिवाळाभर. उन्हाळ्यात पानं गाळून काट्यांनिशी उभी राहते आणि पाणी नाही मिळालं तरी जूनमध्ये पुन्हा फुटते. पॅन्सी जातीची फुलपाखरं तिच्या पानांवर अंडी घालतात. काट्यांमुळे कुंपणालाही बरी. दात दुखले की तिची पानं चघळतात, म्हणून तिला वज्रदंती म्हणतात. कळलावीचा थाट तिला नाही; पण नातवंडांच्या घरात मी तीच लावायला सांगेन.

नोव्हेंबरात कळलावीची पानं पिवळी पडायला लागतात आणि शेंगा भरत आलेल्या असतात. ज्यांच्याकडे वेल आहे त्यांनी तेव्हा पाणी बंद करावं, वेल आपोआप वाळू द्यावी आणि जागेवर खुणेच्या विटा ठेवाव्यात. कुंडी असेल तर ती पावसाळ्यापर्यंत पडवीत, कूलरपासून लांब सरकवावी. ज्यांना नव्यानं लावायची आहे त्यांनी शेंगा तडकल्यावर बी मागून घ्यावं, कागदाच्या पुडीत बंद करून, वर ‘विष’ असं लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावं आणि मृगात पेरावं. पहिली दोन वर्षं गवतासारखी चार पानं येतील आणि जातील. फूल तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात.